नरसाक्काचा सांधा

नरसाक्कानं पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ही घरात भांडी घासती. सकाळी कांदा बी चिरलाय. हिला ताण्याजवळ येऊ देऊ नका."

मी त्या हातमाग केंद्रात कारकून म्हणून नुकतीच लागले होते. वैराग गावाहून आलेली, नवी साडी, हातात डझनभर बांगड्या. सोलापुरात नोकरी लागली म्हणजे आपण कोण मोठ्या झालो असं मला तेव्हा वाटत होतं, आणि ही कोण कुठली बाई जमिनीवर फळकुटावर बसून माझ्या हाताची झडती घेतेय! असा राग आला म्हणता! वर तिनं पंखा बंद करायला लावला. एप्रिलमधलं सोलापूर, आणि पंखा बंद. "हळू चाल की तल्ली, रेशीम झोपलंय," ती म्हणाली. तल्ली म्हणजे तेलुगूत आई, लाडानं लेकीलाही म्हणतात, हे मला नंतर मल्लेशम मास्तरांनी सांगितलं. मास्तर आमच्या केंद्रात विणकाम शिकवायचे. ते म्हणाले, "बाई, अक्कानं तुम्हाला तल्ली म्हटलं म्हणजे तुम्ही पास झालात."

तोंडावर मी तिला कायम अक्का म्हटलं, अहो-जाहो केलं. मनात मात्र ती पहिल्यापासून 'ती'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते.

तिचं काम सांधणीचं. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर जे उभे धागे ताणलेले असतात तो ताणा, आणि धोट्यातून आडवा जातो तो बाणा. कापड संपत आलं की विणकर ताणा शेवटपर्यंत विणून टाकत नाही. फणीच्या मागं हातभर जुने धागे तसेच सोडून ठेवतो. मग नव्या ताण्यातला एकेक धागा त्या जुन्या एकेका धाग्याला जोडायचा. असे दोन-अडीच हजार. सगळे जोडून झाले की पुढून हळूच ओढायचं, म्हणजे नवा ताणा जुन्याच्या मागोमाग फणीतून पुढं येतो. यात गाठ चालत नाही, गाठ फणीत अडकते. दोन टोकं शेजारी धरायची, अंगठा जिभेला लावायचा, राखेत टेकवायचा आणि पीळ द्यायचा. एवढंच. मी एकदा हौसेनं बसले होते. तासाभरात अकरा धागे जोडले, त्यातले नऊ सुटले, आणि मान आठ दिवस दुखली.

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, सांधणाऱ्या बाया बऱ्याच होत्या. पण रेशमाचा ताणा असला की बोलावणं नरसाक्कालाच. दिसायला बुटकी, सावळी, नाकात दोन्हीकडं चमकी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. गंमत म्हणजे कामाला बसली की चष्मा डोक्यावर. धाग्याकडं ती बघायचीच नाही. दाराकडं बघायची, भिंतीकडं बघायची, माझ्याकडं बघून माझ्या सासरची चौकशी करायची, आणि खाली तिची बोटं आपली चाललेली. गोवरीची राख ती जुन्या धोतराच्या कापडातून तीनदा गाळून आणायची. किती धागे राहिले असं कुणी विचारलं की खेकसायची, "मोजू नगं. मोजलं की हात अडतो."

लग्न होऊन आली तेव्हा तीही गल्लीतल्या इतर पोरींसारखी विड्या वळायची. सासूनं एक दिवस तिची विडी हातात घेऊन बघितली आणि तिला सुपावरून उठवून ताण्यापुढं बसवलं. सासूला कसं काय कळलं, मी विचारलं होतं. "सासू म्हनाली, तुज्या बोटाला डोळं हायत. वरचं डोळं बिनकामाचं हायत, पन हे जप." आणि तिनं ते खरंच जपले. मिरचीला हात लावायची नाही. नखं कापायची नाही, पाट्यावर घासायची. दुपारी जेवल्यावर बोटांना खोबरेल चोळायची आणि मग लहान लेकराला पावडर लावावी तशी राख लावून पुसायची.

आणि भांडी? भांडी तिचा नवरा घासायचा. अंबादासमामा. चाळीस वर्षं! उंचापुरा, मिशीवाला, दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात उभा राहणारा माणूस संध्याकाळी नळावर बायांच्या रांगेत बसून पातेली घासायचा. गल्ली हसायची. एकदा मीच त्याला म्हणाले, "मामा, लोक काय काय बोलतात हो." तो म्हणाला, "बोलू दे की. माजी बोटं कुठं रेशमाला लागत्यात? टॉवेलला लागत्यात." आणि परत कढईला लागला. नरसाक्का हे ऐकून आत बसल्या बसल्या लाजली होती, त्या वयात.

तिच्या हाताची करामत मी एकदा नीट पाहिली. वळवाचं वादळ आलं, भर दुपारी अंधार झाला, वीज गेली. खोलीत हाताला हात दिसेना. मल्लेशम मास्तरांचा जीव वरखाली. ताण्याचे मोकळे धागे तसेच टांगलेले, वाऱ्यानं एकमेकांत गुंतले म्हणजे सगळंच वाटोळं. ते दारं लावत ओरडत होते, "अक्का, थांबा, हात काढा, दिवे येऊ द्या!" अंधारातून तिचा आवाज आला, "मास्तर, तुमी गप बसा की. दिवं गेल्यात तुमचं. माजं कुटं गेल्यात?" पाऊण तासानं दिवे आले तर बाई दीडशे-दोनशे धागे पुढं गेलेली. मास्तरांनी चष्मा पुसून पुसून एकेक तपासला. एकही इकडचा तिकडं नव्हता. त्या दिवशी मास्तर जे म्हणाले ते पुढं पूर्व भागभर झालं: नरसाक्काचा सांधा सुटत नाही. एखादं लग्न ठरताना पक्कं झालं का असं विचारलं तर लोक म्हणायचे, पक्कं म्हणजे, नरसाक्काचा सांधा! ती हे ऐकून तोंड वाकडं करायची, पण आतून फुलायची. तिच्याकडं दुसरं होतं काय? घर भाड्याचं, मुलगा कारखान्यात, सून विड्या वळणारी. एवढं एक नाव होतं.

अंबादासमामा गेला तो दोन दिवसांच्या तापानं. पंधराव्या दिवशी ती कामावर हजर. डोळे सुजलेले, पण बोटं तीच. भांड्यांचं काय, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं. तीच म्हणाली, "सून घासती. चांगली हाय पोर. कुरकुरती, पन घासती."

त्यानंतर वर्षभरानं असेल, मला ते पहिल्यांदा दिसलं. ती केंद्रातून निघाली आणि दारात तिची एक चप्पल पायातून सुटून मागं राहिली. तिला पत्ताच नाही. तशीच एका चपलेनं रस्त्यापर्यंत गेली. मी चप्पल घेऊन धावले. सगळे हसले, तीही हसली. मी मात्र तिच्या पायाकडं बघत राहिले. माझ्या वडिलांना साखर होती. वैरागला आमच्या अंगणात त्यांची चप्पल अशीच मागं राहायची. मग एक दिवस चहा आला. काचेचा ग्लास, कडकडीत, मी पदरानं धरला होता. तिनं तो सरळ तळापासून मुठीत धरला आणि बोलत राहिली. मी म्हणाले, "अक्का, भाजत नाही का?" तिनं ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ग्लास खाली ठेवला.

मी तिच्या मागं लागून लागून तिला गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी साखर तपासली, ती भरमसाट होती. मग म्हणाले, "आजी, डोळे मिटा. मी बोटाला कापूस लावीन. लागला की व्हय म्हणा." तिनं डोळे मिटले. डॉक्टरांनी करंगळीला कापूस टेकवला. "व्हय." अंगठ्याला टेकवला. "व्हय." मग त्यांनी हात मागं घेतला आणि नुसते बसून राहिले. कापूस त्यांच्या मांडीवर.

"व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय."

मला रडूच फुटलं. पदर तोंडात कोंबून मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. ती आली, गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "केंद्रात सांगायचं न्हाय. माज्या बोटात कळतंय. जरा उशिरा कळतंय, एवढंच." मी म्हणाले, "अक्का, पण..." तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की दुखलं. किती जोर लागतोय ते तिला कळतच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. "शपथ घे," ती म्हणाली. मी घेतली. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दोनेक वर्षं निभावलं. जाड सुताचे, साध्या रेशमाचे ताणे यायचे, ती सांधायची, एखाददुसरा धागा सुटायचा. मास्तर तो स्वतः जोडून घ्यायचे आणि फणीला शिव्या द्यायचे.

मग ते जपानचं रेशीम आलं.

पुण्याच्या एक मधुराताई आमच्या केंद्राकडून ओढण्या विणून घ्यायच्या. त्या स्वतः शिकलेल्या, जपानमध्ये वर्षभर राहून तिथलं विणकाम बघून आलेल्या. एक दिवस त्या खोका घेऊन आल्या आणि टेबलावर पांढऱ्या लडी मांडल्या. रेशीम मी जन्मभर पाहिलंय, पण असं नाही. पिवळेपणाचा लवलेश नाही, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. ताण्याचा धागा तर इतका सारखा की तो हलतोय की थांबलाय हे कळू नये. बाण्याच्या लडी वेगळ्या होत्या, जरा मऊ, जराशा उबदार दिसणाऱ्या. मधुराताई म्हणाल्या, "हा बाणा यंत्रावरचा नाही. तिथल्या एका गावात बायका रेशमाचा कापूस समोर ठेवून हातानं धागा ओढतात. बोटं थुंकीनं ओली करतात आणि ओढतात. पाणी लावत नाहीत. म्हातारीची थुंकी त्याला सगळ्यात चांगली, असं म्हणतात तिथं."

नरसाक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "थुकी? आमच्यासारकी?"

"हो आजी."

"आनि राख?"

"राख नाही लावत."

"मग काय उपेग?" ती म्हणाली आणि सगळे हसले. पण तिनं लड मागून घेतली, वास घेतला, कानाजवळ नेऊन दाबली. रेशीम करकरलं. मधुराताई म्हणाल्या की तिकडं या आवाजाला वेगळा शब्दच आहे. नरसाक्का दाबत राहिली, ऐकत राहिली. मग ताईंनी एक जुना किमोनो दाखवला. अरुंद पट्टीचं कापड, सरळ कापून शिवलेलं, चिंधी वाया जात नाही. मळला की सगळी शिवण उसवून, पट्ट्या धुऊन, पुन्हा तस्साच शिवायचा. "म्हंजे ते लोक बी सारकं जोडतच बसल्यात की," नरसाक्का म्हणाली. त्या न पाहिलेल्या बायांशी तिचं तिथल्या तिथं नातं जुळलं. पुढं आठ दिवस ती "तितल्या बाया, तितल्या बाया" करत होती, जसं काही त्या शेजारच्या होटगीला राहतात.

सांधणी अर्थातच तिच्याकडं आली. मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. मी संध्याकाळी तिला दारात गाठलं. "अक्का, नाही म्हणा. तब्येतीचं कारण सांगा. मी सांगते हवं तर." तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "हे एक होऊ दे. असलं रेशीम जल्मात हाताला लागलं न्हाय. हे झालं की मीच सोडते. मान ठेवून सोडते. तू मदी येऊ नगंस, तल्ली."

मी मध्ये आले नाही.

चार दिवसांचं काम तिला नऊ दिवस लागले. चष्मा डोळ्यांवर होता. मान खाली. नाक ताण्याला टेकेल इतकी वाकून ती एकेक धागा बघून सांधत होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. कुणाशी बोलणं नाही. मास्तर मला कौतुकानं म्हणाले, "बघा, जपानच्या रेशमाचा मान कसा ठेवतेय अक्का." मी मान हलवली आणि माझ्या फायली घेऊन बसले. ओळी दिसत नव्हत्या. बाई, बोल ना, असं मी स्वतःलाच म्हणत होते. आणि बोलले नाही.

नवा ताणा ओढायचा त्या दिवशी आमच्याकडं मागाला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि पहिली ओढ सांधणारीच्या हातची असते. तिनं हात जोडले, तेलुगूत काहीतरी पुटपुटली, आणि पुढून दोन्ही हातांनी ओढलं.

रेशीम तुटलं तर आवाज होतो. सुटलं तर होत नाही. पीळ उलगडत गेले, एक नाही दोन नाही, झुबकेच्या झुबके. अर्धाअधिक ताणा मागच्या मागं सैल पडला. पंधरा-वीस माणसं बघत उभी होती. नारळाचं पाणी अजून जमिनीवर वाहत होतं.

"गुळगुळीत लई हाय," नरसाक्का म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "पकडच न्हाय त्याला."

मास्तरांनी लगेच उचलून धरलं. "तेच म्हणतो मी. जपानचा धागा, त्याला आपली राख कशी चालणार?" सगळ्यांना हायसं वाटलं. नरसाक्काचा सांधा सुटला, यापेक्षा जपानचं रेशीम खोटं निघालं, हे मानायला किती सोपं होतं! स्वतः दोन धागे जोडून बघावेत असं त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मधुराताईंना फोन झाला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, तसं लेखी द्या, म्हणजे मला तिकडं कळवता येईल आणि उरलेला माल परत पाठवता येईल.

ते पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाइप केलं. मास्तरांनी सांगितलं, मी बोटं चालवली. 'सदर रेशमी धाग्यात दोष आढळून आल्यामुळे सांधणी टिकत नाही.' माझी बोटं धडधाकट होती, त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी त्यांनी ते टाइप केलं.

नरसाक्का दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. "काय लिवलंस ग? वाच की."

मी वाचलं.

"दोष म्हंजे?"

"खोट, अक्का."

"कुनाची?"

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "धाग्याची, अक्का. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ती आत आली. टेबलाला धरून उभी राहिली. "त्या तितल्या बाया," ती म्हणाली, "थुकी लावून लावून दिसभर धागा काढत्यात. माज्याच वयाच्या असतील की. त्यांना कागद जानार, तुमचं रेशीम खोटं हाय म्हनून? फाड ते."

"अक्का..."

"फाड म्हनते न्हवं! धागा सोन्यासारका हाय. बोटं मेल्यात माजी. दोन वर्सं झाली. गरम न्हाय कळत, गार न्हाय कळत, धागा हातात हाय का सुटला त्ये बी कळत न्हाय. मी काल खोटं बोलले सगळ्यांम्होरं. धाग्यावर ढकललं."

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठून तसेच राहिले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "हिला ठावं होतं. हिच्यावर रागवू नका. मीच शपथ घातली होती."

मी तिला पोटाशी धरायला हवं होतं. तिनं उलट माझीच बाजू सावरली, आणि मी संगणकासमोर ताठ बसून राहिले. मास्तर मागाकडं गेले. दहा धागे स्वतः सांधले, ओढले. दहाही फणीतून सरसर पुढं आले. ती दारातून बघत होती. "बगा," ती म्हणाली. "किती गुणाचं हाय."

ती बाहेर पडली आणि पुन्हा केंद्रात आली नाही. मास्तर घरी जाऊन आले दोनदा. नुसतं बसायला या, पोरींना शिकवा म्हणाले. ती म्हणाली, "जे बोटाला कळत न्हाय त्ये तोंडानं काय शिकवू?" सुनेच्या हातची भांडी तिनं स्वतःकडं घेतली, हे मास्तरांनीच मला सांगितलं. आता काय जपायचं, म्हणाली म्हणे. घासताना बोट कापलं तरी तिला कळायचं नाही. पाणी लाल झालेलं दिसलं की सून ओरडायची.

मी गेले नाही. पाच महिने. रोज ठरवायची, रोज काहीतरी काम निघायचं. खोटं कशाला सांगू, तोंड दाखवायची लाज वाटत होती. शपथ पाळून मी तिचं नाव वाचवलं नाही की तिला वाचवलं नाही. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या कानावर घातलं असतं तर तिनं तो ताणा सांधला नसता. ती चिडली असती, माझ्याशी जन्मभर बोलली नसती. पण तो नारळ, ती माणसं, ते सैल पडत गेलेलं रेशीम, तिच्या वाट्याला आलं नसतं. तिला जायला आता दीड वर्ष झालं. साखरेनं आधी पाय गेला, मग ती. पण मला ती आठवते ती आजारपणातली नाही. तिला मी नीट शेवटचं पाहिलं ते त्या पाच महिन्यांनंतर.

त्या जपानी रेशमाच्या ओढण्या मास्तरांनी विणून पुऱ्या केल्या. मधुराताईंना सगळं कळलं होतं. त्यांनी त्यातली एक परत पाठवली, वर चिठ्ठी: ही आजींची. मग मला जावंच लागलं.

दुपारची वेळ. सून दारात सूप घेऊन बसलेली. नरसाक्का आत भिंतीला टेकून. मला बघून रागावेल, रडेल, काय काय ठरवून गेले होते. ती म्हणाली, "आलीस? वाळलीस की ग."

मी ओढणी तिच्या मांडीवर ठेवली. पांढरी, कसलीही नक्षी नाही. तिनं दोन्ही हात त्यावर ठेवले आणि ठेवूनच राहिली. बोटं थोडी हलवली. मग पुन्हा. मला बघवेना. मी सुनेशी काहीतरी बोलायला मान वळवली आणि परत बघते तर तिनं ओढणी उचलून गालाला लावली होती.

डोळे मिटून ती ओढणी गालावरून सरकवत होती. घाई नाही. एका टोकापासून सुरुवात करून, वीतभर पुढं, थांबायचं, आणखी वीतभर. खालचा हात ओढत होता आणि गाल वाचत होता. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर ती थांबली. मागं घेतली. पुन्हा पुढं.

"हितं एक धागा तुटला होता विणताना," ती म्हणाली. "मास्तरनं जोडलाय. घाईत जोडलाय."

मी ती जागा उजेडात धरून पाहिली. काही दिसलं नाही. बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग मी ती माझ्या गालाला लावली, आणि होतं. केसाएवढं, नसल्यासारखं, पण होतं.

"अक्का!" मी ओरडलेच. "कळतंय तुम्हाला! सगळं कळतंय!"

"गालाला कळतंय की," ती म्हणाली. पहिल्यांदा हसली. मग हसू हळूहळू गेलं. "पन गालानं सांधता येत न्हाय, तल्ली."

तिनं ओढणी घडी घालायला घेतली. एक टोक दुसऱ्यावर आणलं, ते घसरलं. पुन्हा आणलं. काठाला काठ लागेना. तीन-चारदा करून पाहिल्यावर तिनं ती तशीच माझ्या हातात दिली, आणि मी घडी घालेपर्यंत दाराबाहेर बघत बसली.